लाकडाच्या गॅसवर डिझेल इंजिन: व्हॉल्व्ह पुन्हा पुन्हा चिकटतात, डिझेलची बचत घटत जाते, तेव्हा काय तपासायचं

गॅसिफायर, म्हणजे लाकूड अर्धवट जाळून त्याचा गॅस करणारी भट्टी, जोडलेल्या डिझेल जनरेटरची तक्रार बहुतेक ठिकाणी एकाच क्रमाने येते. सुरुवातीचे काही आठवडे सगळं छान चालतं, डिझेल तिसऱ्या हिश्श्यावर येतं. मग बचत हळूहळू घटू लागते. गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) स्थिर राहत नाही, इंजिनाचा आवाज खालीवर व्हायला लागतो. आणि एखाद्या सकाळी थंड इंजिन सुरू करताना खाडकन आवाज येतो. टॅपेट कव्हर काढून पाहावं तर पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडायला ढकलणारा दांडा) वाकलेला, इनलेट व्हॉल्व्ह त्याच्या नळीत, म्हणजे गाईडमध्ये, घट्ट बसलेला. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवलं की व्हॉल्व्हच्या दांड्यावर काळं, चकचकीत पुट. मिस्त्री ते खरवडतो, व्हॉल्व्ह ग्राइंड करून बसवतो, इंजिन चालू होतं. काही आठवड्यांनी पुन्हा तेच.

हेड कितीही वेळा उतरवलं तरी हा दोष जात नाही, कारण तो इंजिनात तयारच होत नाही. ते पुट म्हणजे लाकडातून निघालेलं डांबर. ते भट्टीत जळून जायला हवं होतं, तिथून निसटलं, फिल्टरमधूनही निसटलं आणि थंड होत होत व्हॉल्व्हवर बसलं. इंजिन गरम असतं तोवर ते मऊ असतं आणि व्हॉल्व्ह सरकत राहतो. रात्री इंजिन थंड झालं की डांबर कडक होतं. सकाळच्या पहिल्याच फेऱ्यात कॅम पुशरॉडला ढकलतो, व्हॉल्व्ह हलत नाही, मधला पुशरॉड वाकतो. म्हणून हा बिघाड जवळपास नेहमी सकाळीच दिसतो आणि आदल्या दिवशी ‘सगळं ठीक होतं’ असं चालवणारा अगदी खरं सांगत असतो.

इंजिनासाठी वापरतात तो गॅसिफायर बहुधा खालच्या दिशेने ओढणारा असतो. लाकूड वरून पडतं, आधी सुकतं, मग हवेविना तापून त्याचा कोळसा आणि डांबराची वाफ होते. ही वाफ हवेच्या नोझलजवळच्या हजार-बाराशे अंश सेल्सिअसच्या पट्ट्यातून आणि त्याखालच्या लाल कोळशाच्या थरातून जाते. तिथे डांबर तुटून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन बनतो. गॅस वरच्या बाजूने काढणाऱ्या भट्टीत एका घनमीटर गॅसमागे ५० ग्रॅमच्या आसपास डांबर असू शकतं. खालून ओढणाऱ्या भट्टीत ते साधारण एका ग्रॅमवर येतं, नीट चालवली तर त्याहून खाली. इंजिनाला मात्र १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त डांबर आणि ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त धूळ नको, असा सर्वसाधारण संकेत आहे. टर्बोचार्जर असेल तर याहून कडक. म्हणजे भट्टी आणि फिल्टर या दोघांनी मिळून हे अंतर कापायचं असतं. भट्टीने आपलं काम सोडलं तर एकट्या फिल्टरला ते झेपत नाही.

गॅस कशासाठी वापरायचा यावर बरंच अवलंबून आहे, हेही इथेच सांगतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने उसाच्या पाचटासारख्या सुट्या, पालेदार मालावर चालणारा गॅसिफायर विकसित केला, तो उष्णतेसाठी. बर्नरमध्ये गॅस गरमागरम जाळायचा असेल तर त्यातलं डांबरही जळून उष्णताच देतं. इंजिनात तो गॅस आधी ४० अंशांच्या खाली थंड करावा लागतो, आणि थंड केला की डांबर बाहेर पडतंच. त्यामुळे बर्नरवर वर्षानुवर्षे विनातक्रार चाललेली भट्टी इंजिनाला जोडली की तक्रारी सुरू होतात, यात नवल नाही.

आता मूळ कारणाकडे. लोक आधी फिल्टरला दोष देतात, मग लाकडाला. माझ्या मते पहिला प्रश्न भाराचा विचारायला हवा: सेटवर प्रत्यक्षात किती किलोवॅट लोड असतो?

भट्टीचा गळा, म्हणजे नोझलखालचा सर्वांत अरुंद भाग, ठरावीक प्रमाणात गॅस ओढला जाईल असं गृहीत धरून बनवलेला असतो. इम्बर्ट पद्धतीच्या गळा असलेल्या भट्टीसाठी जुना नियम असा, की गळ्याच्या दर चौरस सेंटिमीटरमागे ताशी ०.९ घनमीटर गॅस ही कमाल मर्यादा, आणि ०.३ ते ०.३५ घनमीटर ही किमान. किमान मर्यादेखाली गेलं की आत येणारी हवा कमी, आग नोझलच्या तोंडाशीच थांबते, दोन नोझलांच्या मधल्या जागा थंड राहतात आणि डांबर त्या थंड वाटांनी खाली उतरतं.

आकडे घालून पाहा. गळ्याचा व्यास १० सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस सेंटिमीटर. कमाल गॅस ताशी ७० घनमीटर, किमान साधारण २५. ड्युअल फ्युएलमध्ये, म्हणजे गॅस आणि थोडं डिझेल एकत्र जाळताना, एका युनिटमागे ढोबळमानाने २ घनमीटर गॅस लागतो. म्हणजे ही भट्टी १२-१३ किलोवॅटच्या वर आणि ३५ किलोवॅटपर्यंतच नीट काम करील. त्याच सेटवर दुपारी हलर (भात सडायचं यंत्र) बंद आहे, एक पाण्याचा पंप आणि दिवे चालू आहेत, लोड ७-८ किलोवॅट, असं चार तास चाललं, तर त्या चार तासांत तयार होणारं डांबर बाकी दिवसभराच्या डांबरापेक्षा जास्त असू शकतं. भातगिरणीत, लाकूड कापण्याच्या मिलमध्ये, बर्फाच्या कारखान्यात, लोड असा चढउतार करणाराच असतो. खेड्याच्या वीजपुरवठ्याला तर हा प्रश्न कायमचाच. कर्नाटकातलं होसहळ्ळी, जिथे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ मध्ये असा सेट बसवला, किंवा सुंदरबनातलं गोसाबा बेट, जिथे १९९७ मध्ये १०० किलोवॅटचे पाच असा ५०० किलोवॅटचा प्रकल्प उभा राहिला, दोन्ही ठिकाणी डिझेल इंजिनच ड्युअल फ्युएलवर चालवलं गेलं. गोसाब्यासारखी विभागणी मला फार शहाणपणाची वाटते: एक मोठी भट्टी कमी लोडवर रडवण्यापेक्षा लहान भट्ट्या लोडनुसार चालू-बंद करता येतात.

म्हणून आठवडाभर दर अर्ध्या तासाला पॅनेलवरचा लोड लिहून ठेवा. वहीत कमी लोडचे लांब पट्टे दिसले तर तुमचं कारण बहुधा सापडलं. उपायही सरळ आहेत. त्या वेळात भट्टी बंद ठेवून निव्वळ डिझेलवर चालवावं, डिझेल थोडं जाईल पण हेड वाचेल. किंवा कामं एकत्र आणावीत, पंप आणि गिरणी एकाच वेळी. किंवा ब्लोअरने जास्तीचा गॅस ओढून फ्लेअरवर, म्हणजे बाहेर गॅस जाळायच्या नळावर, जाळावा, म्हणजे भट्टी गरम राहते. हा शेवटचा मार्ग लाकूड वाया घालवतो, पण पाऊण तासाच्या खंडासाठी तो वाईट नाही.

लोड ठीक असेल तर लाकूड. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. भट्टीला २० टक्क्यांच्या आत ओलावा हवा, १५ असेल तर उत्तम. एक किलो लाकडात ३०० ग्रॅम पाणी असेल तर तेवढ्या पाण्याची वाफ करायला लागणारी उष्णता थेट नोझलजवळच्या आगीतून जाते आणि तिथलं तापमान घसरतं. ‘सुकं दिसतंय’ यावर विश्वास ठेवू नये. बाभूळ, सुबाभूळ वरून खडखडीत वाजते आणि गाभ्यात ओली असते. पोत्यातले वेगवेगळ्या थरांतले तुकडे घ्या, बारीक चिरून वजन करा, १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा, पुन्हा वजन करा. घटलेल्या वजनाला आधीच्या वजनाने भागून शंभराने गुणलं की ओलावा मिळतो. आधी ५०० ग्रॅम आणि नंतर ४०० ग्रॅम भरलं, तर ओलावा २० टक्के.

तक्रारी जुलै-ऑगस्टमध्ये वाढतात त्या यामुळेच. पावसाळ्याचं लाकूड मृगाच्या आधी कापून, तुकडे करून, जमिनीपासून उंच मचाणावर आणि छपराखाली रचलेलं असायला हवं. ओंडके साठवून पावसात तोडत बसलात तर ते सुकत नाही. इंजिनाच्या धुराची उष्णता थंड हवेत मिसळून वाळवणीला वापरता येते, फक्त मिसळलेली हवा शंभर अंशांच्या आसपास राहील आणि ठिणगी जाणार नाही अशी सोय हवी. तुकड्यांचं माप एकसारखं असावं आणि उत्पादकाने सांगितल्याच्या आत असावं. विदर्भात पऱ्हाटी आणि तुरीच्या काड्या मुबलक, पण त्या तशाच लांब टाकल्या तर हॉपरमध्ये आडव्या अडकतात. खाली पोकळी होते, आग वर चढते आणि कच्च्या धुराचा लोंढा खाली येतो. चालू सेटचा गॅस अचानक पिवळा-पांढरा, दाट आणि झोंबणारा झाला तर आधी हीच अडकण पाहा. कापून, शक्य असेल तर दाबून विटा करून वापरल्यास हा त्रास बराच कमी होतो.

एक गोष्ट जिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात: राख काढण्यासाठी भट्टी पूर्ण रिकामी केल्यावर पुन्हा काय भरलं? जाळीवर थेट कच्चं लाकूड भरलं तर डांबर तोडायला कोळशाचा थरच नसतो आणि पहिल्या काही तासांतच कूलर, फिल्टर, मॅनिफोल्ड सगळं माखतं. जाळीपासून नोझलच्या वरपर्यंत लाकडी कोळसाच भरायचा, त्यावर लाकूड. सफाईनंतर लगेच व्हॉल्व्ह चिकटले असतील तर हा प्रश्न आधी विचारा. जाळी सतत हलवत राहण्याची सवयही वाईट, चांगला कोळसा राखेबरोबर खाली पडून जातो.

सुरू करतानाचा शिस्तीचा भाग थोडक्यात. पेटवल्यावर सुरुवातीचा गॅस सर्वांत घाण असतो. तो फ्लेअरवर जाळायचा. ज्योत पिवळी-नारिंगी आणि काजळी धरणारी असेल तर थांबा. फिकट निळसर, उन्हात जेमतेम दिसणारी ज्योत स्थिर झाली की मगच इंजिनाकडे वळवा. लहान सेटला यासाठी सहसा पंधरा-वीस मिनिटं लागतात. बंद करताना उलट क्रम: गॅस तोडून शेवटची दहा मिनिटं निव्वळ डिझेलवर, थोड्या लोडसह. त्यामुळे व्हॉल्व्हवरचं ताजं डांबर जळायला वाव मिळतो आणि पाईपमधला ओला गॅस आत राहून जात नाही. ही एवढी सवय सकाळचे वाकलेले पुशरॉड निम्म्यावर आणू शकते, असं मी खात्रीने सांगेन.

गॅस किती स्वच्छ आहे हे रोज पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. इंजिनाच्या आधीच्या नळावर पांढरं सुती कापड ताणून छोट्या हातपंपाने रोज तितकाच गॅस त्यातून ओढा. कापड करडं झालं तर धूळ, तपकिरी-पिवळं आणि चिकट झालं तर डांबर. तारीख आणि लोड लिहून कापडं एका फाईलीत लावत जा. आठवडाभराचे डाग शेजारी शेजारी दिसले की कोणत्या दिवशी काय बिघडलं ते कळतं.

फिल्टरसाठी पारदर्शक नळीची यू आकाराची पाण्याची मापं तीन ठिकाणी लावा: भट्टीनंतर, फिल्टरच्या आधी आणि नंतर. सेट नवा किंवा नुकताच साफ केलेला असताना पूर्ण लोडवरचे आकडे मिलिमीटरमध्ये भिंतीवर रंगाने लिहून ठेवा. त्याच लोडवर भट्टीचा आकडा वाढत चालला तर आत चुरा आणि राख साचली आहे. तो एकदम पडला तर पोकळी झाली आहे किंवा झाकण नीट बसलेलं नाही. फिल्टरच्या दोन बाजूंतला फरक वाढला तर फिल्टर बदलायची वेळ. फिल्टरमधला भुसा ओला आणि गच्च झाल्यावर फरक मोठा दिसतो, पण भुशात वाट पडून गॅस थेट निघाला तर फरक अगदी कमी दिसतो आणि लोक खूश होतात. कमी आकडाही संशयानेच वाचावा. कूलरनंतर साचणारं पाणी रोज रात्री काढून टाका.

गळती तपासायची तर थंड सेटवर. भट्टी पेटलेली नसताना फक्त ब्लोअर चालू करा आणि प्रत्येक फ्लँज, झाकण, सफाईच्या दारापाशी उदबत्ती फिरवा. धूर आत ओढला गेला तिथे गळती. संपूर्ण वाट खेचावाखाली असते, त्यामुळे गॅस बाहेर येत नाही, हवा आत जाते. ती नुसता गॅस पातळ करत नाही, पाईपमध्ये स्फोटक मिश्रणही तयार करते. पेटलेल्या भट्टीवर ही उदबत्तीची चाचणी कधीही करू नका.

आता डिझेलच्या बचतीबद्दल, कारण इथे एक उलटा प्रकार घडतो. डिझेल जास्त जातंय म्हणून चालवणारा गॅसचा व्हॉल्व्ह आणखी उघडतो आणि डिझेल आणखी वाढतं. कारण असं, की सिलिंडरमध्ये जागा मर्यादित आहे. या गॅसमध्ये निम्मा नायट्रोजन असतो, एका घनमीटरला जेमतेम ५ मेगाज्यूल ऊर्जा आणि जळायला साधारण तेवढीच हवा लागते. गॅसने हवेची जागा खाल्ली की गॅसही अर्धवट जळतो, डिझेलही. ताकद पडते, गव्हर्नर डिझेल वाढवायला पंपाचा रॅक पुढे ढकलतो, काळा धूर येतो. एअर फिल्टर बुजला तरी हेच होतं, म्हणून तो आधी पाहा.

सेटिंग मोजून करा. लोड स्थिर ठेवा, डिझेलच्या वाटेत १०० मिलिलिटरचं काचेचं माप जोडा आणि ते किती सेकंदांत रिकामं होतं ते बघा. २० किलोवॅट लोडवर निव्वळ डिझेलवर ते साधारण एका मिनिटात संपतं. गॅस सुरू केल्यावर १७० सेकंद लागले तर बचत सुमारे ६५ टक्के. आता गॅसचा व्हॉल्व्ह थोडा थोडा बंद आणि हवेचा उघडा करत सर्वांत जास्त सेकंद कुठे मिळतात ते शोधा आणि तिथे खूण करा.

८५ टक्के बचतीचे आकडे ऐकायला मिळतात. मी त्यामागे लागायला सांगणार नाही. इंजिनाचा डिझेल पंप पूर्ण लोडसाठी बनवलेला असतो, त्याला इतकं कमी डिझेल सोडायला लावलं की सिलिंडरांमध्ये ते सारखं वाटलं जात नाही आणि इंजिन डोलायला लागतं. शिवाय इंजिनात डिझेल फवारणारा इंजेक्टरचा नोझल डिझेलनेच थंड राहतो. डिझेल फार कमी झालं की त्याच्या टोकावर कार्बन धरतो, फवारा बिघडतो, मग गॅस पेटवायलाच जास्त डिझेल लागतं. ६५ ते ७० टक्क्यांवर शांतपणे चालणारा सेट वर्षाखेरीला जास्त डिझेल वाचवतो. ताकदीचंही तसंच. ड्युअल फ्युएलवर इंजिन मूळ क्षमतेच्या साधारण पाऊण भागावरच चालवावं. ४० किलोवॅटच्या सेटकडून गॅसवर ३८ मागितले तर डिझेल वाढणारच, तो बिघाड नव्हे.

जे पुट बसलं आहे ते काढायला नुसतं डिझेल फारसं उपयोगी नाही. थिनर किंवा अ‍ॅसिटोन डांबर विरघळवतो. पार्ट थंड करून, उघड्यावर, आगीपासून लांब. गाईडच्या आतलं पुट रीमरने काढताना गाईड सैल होणार नाही हे पाहा. मॅनिफोल्ड आणि गॅसचा मिसळण्याचा नळही त्याच वेळी स्वच्छ करा, नाहीतर तिथला चिकटा पुढच्या गरम दिवशी वितळून पुन्हा व्हॉल्व्हवर येतो. ऑइल उत्पादकाने सांगितलेल्या निम्म्या तासांत बदलावं. बोटावर चिकट आणि जाड वाटलं तर त्याही आधी.

हे सगळं करताना जिवाची काळजी पहिली. या गॅसमध्ये सुमारे २० टक्के कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला रंग नाही, वास नाही. हवेत ०.१ टक्का असला तरी तो काही तासांत माणूस मारू शकतो. चालू असताना खेचावामुळे गॅस आत राहतो, पण बंद केल्यानंतर भट्टी तासन्‌तास धुमसते आणि तेव्हा तो बाहेर येतो. शेड चारी बाजूंनी मोकळी हवी, छपराला वर वाट हवी, भट्टीशेजारी कोणी झोपता कामा नये. हॉपर उघडताना तोंड वर नेऊ नका. फिल्टर उघडायला दोघं असावेत, एक बाहेर उभा. डोकं दुखलं, मळमळलं, पाय जड झाले तर काम टाकून लगेच मोकळ्या हवेत या आणि दवाखाना गाठा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवल्याशिवाय सेट चालवू नये, या मतावर मी ठाम आहे.

स्क्रबरच्या, म्हणजे गॅस पाण्याने धुणाऱ्या भागाच्या, पाण्यात फिनॉल ही विषारी रसायनं असतात. ते विहिरीजवळ, ओढ्यात किंवा शेतात सोडू नका. पक्क्या टाकीत साठवून, गाळ बसवून तेच फिरवा आणि उरलेल्या पाण्याची विल्हेवाट प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नियमांनुसार करा. चिकट झालेला भुसा पूर्ण वाळवून थोडा थोडा भट्टीतच जाळता येतो, लाकडाबरोबर, पूर्ण लोडवर असताना.

एवढं तपासूनही, लोड बरा आणि लाकूड सुकं असताना कापडावर तपकिरी डाग येतच राहिला, तर भट्टी पूर्ण थंड करून गळा आणि नोझल उतरवून मोजा. उष्णतेने गळ्याची कडा झडून व्यास वाढलेला असतो, एखादा नोझल बुजलेला किंवा वाकलेला असतो. १० सेंटिमीटरचा गळा १२ झाला की क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे किमान लोडही तेवढाच वर जातो आणि कालपर्यंत पुरेसा असलेला लोड आज कमी पडतो. गळ्याची रिंग बदलून घ्या, कोळशाचा थर नव्याने भरा आणि कापडाचा पहिला डाग त्याच दिवशी घ्या.